अण्णा, मी वैजूला सांगितलं

अण्णा, तुम्हाला दिलेला शब्द मी परवा मोडला. तुमच्या तेराव्याला, तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच मुलीसमोर. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हावं, म्हणून लिहायला बसले आहे. आता तुमच्या कानावर कोण काय घालणार, एवढी अक्कल मला आहे. पण पाच वर्षं समोरच्या टेबलावरून येईल-जाईल ती गोष्ट तुम्हाला सांगायची सवय लागली, ती दोन आठवड्यांत कशी सुटेल?

रागावू नका, असंही म्हणत नाही. रागवा. निदान आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा एकदा तुमचं ते ‘अय्यो, काय केलींस मां!’ ऐकू येईल. मी तर तेवढ्यासाठी कान देऊन बसले आहे.

गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातल्या लोकांना तीन दिवस शिकवायला खरं तर मी जायची होते. माझ्या मुलाची परीक्षा होती, म्हणून तुम्ही ‘सरि, मी जातों’ म्हणालात आणि माझ्या हातातून फाइल काढून घेतलीत. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर फळ्यापाशी उभे असताना खुर्ची ओढून बसलात, वर्गाला ‘दोन मिनिटं’ म्हणालात, आणि संपलंच. फोन मीच उचलला. पलीकडचा माणूस तमिळमध्ये ‘सर बोलत नाहीत, सर बोलत नाहीत’ एवढंच म्हणत होता. मी त्याच्यावरच ओरडले, की बोलत नाहीत म्हणजे काय, पाणी द्या त्यांना. आता आठवलं की लाज वाटते.

आपली ओळख तरी काय, माझ्या ओरडण्यातूनच झाली. यजमानांची बँकेत बदली झाली म्हणून सोलापूर सोडून मी या गावात आले होते. तमिळ शून्य. अशोकनगरातल्या त्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये, नोकरी लागून चारच दिवस झाले होते, आणि गॅस एजन्सीच्या माणसाला मी फोनवर अस्सल सोलापुरी हिसका दाखवत होते. फोन ठेवला तर पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, ‘आपण मराठे लोक काय? कोठील?’ कपाळाला विभूती, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक स्क्रूड्रायव्हर. मी म्हटलं, ‘तुम्ही ऐतिहासिक नाटकात काम करता का?’ तुम्ही हसून हसून लाल झालात. ‘तंजावरचे आम्ही, मां. तीनशे वर्षं झालीं इकडे येऊन. तूंच आतां आलीस.’ त्या एका वाक्याने माझं परकेपण निम्मं कमी झालं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला डोक्यावर बसवायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

तुम्ही नेटवर्किंग शिकवायचे, मी सिक्युरिटी. म्हणजे तुम्ही मुलांना कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला शिकवायचे आणि त्या जोडणीतून चोर कसा शिरतो ते मी दाखवायची. कसली मुलं होती आपली! इंजिनिअर होऊन दोन-दोन वर्षं घरी बसलेली, आईबापांसमोर मान खाली घालून जेवणारी. तुम्ही त्यांच्याकडून केबलच्या आठ तारांचे रंग पाढ्यासारखे म्हणून घ्यायचे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा. पाचवी तार आली की कुणीतरी अडखळायचंच, आणि मग सगळा वर्ग पहिल्यापासून. चहाच्या सुट्टीत तुम्ही गुपचूप लॅबमध्ये शिरून कुठेतरी बिघाड करून ठेवायचे. एखादी केबल अर्धवट काढायची, एखादा आकडा बदलायचा. मुलं तासभर घाम गाळायची आणि तुम्ही खिडकीत उभे राहून खालच्या रस्त्यावरचे पाण्याचे टँकर बघायचे, जसं काही तुमचा त्यात हातच नाही. एकदा तर तुम्ही केलेला बिघाड तुम्हालाच आठवेना. आपण सगळे पाच वाजेपर्यंत टेबलांखाली रांगत होतो. तो मलाच सापडला, हे मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले.

आपली भांडणं वेगळीच. मी म्हणायची, पोरांना आधी चोरी करून दाखवावी, म्हणजे कुलपाची किंमत कळते. तुम्ही म्हणायचे, ‘आधीं दार लावायला शीकव मां, मग चोर दाखव.’ जेवणाच्या सुट्टीत तुमच्या दहीभाताला माझी शेंगाची चटणी आणि माझ्या पोळीला तुमच्या घरची दह्यात कालवलेली डांगर पच्चडी, आणि मध्ये हे भांडण. दोघांपैकी एकानेही कधी माघार घेतली नाही.

नवरात्रात तुमच्या घरी बाहुल्या मांडतात, ते बघायला तुम्ही मला बोलावलं होतं. वहिनींनी ओटी भरली आणि तुम्ही कुणाला तरी सोडायला खाली गेलात, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं. एक मुलगा बंगळूरला आहे, तो सगळ्यांना ठाऊक. पण एक मुलगीही आहे, वैजयंती. वैजू. कोवळमच्या मासेमाराच्या घरातला, तिच्याच कॉलेजातला मुलगा तिने पसंत केला. तो आता श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात आहे, दोघं तिकडेच राहतात. ती निघाली त्या दिवशी तुम्ही सांगितलंत, या घरात ते नाव पुन्हा निघता कामा नये. आणि निघालं नाही. ऑफिसात कुणी विचारलं तर तुम्हाला ‘एकच मुलगा’ होता. मीही गप्प बसले. तुमच्याइतक्या मऊ माणसाने असं करावं, हे मला पटत नव्हतं, पण माझा तुमच्या घराशी संबंध तेव्हा ओटीपुरताच होता.

आणि मग तो दिवस आला. तो मी इतक्यांदा मनात परत परत चालवला आहे, की आता त्यातलं काय खरं आणि काय माझ्या पश्चात्तापाने घातलेलं, ते मलाही सांगता येत नाही.

त्या दिवशी माझा आवडता तास होता. मेलचा पासवर्ड तारेतून कसा उघडावाघडा जातो, ते दाखवायचा. एका मुलाने खोट्या खात्यात खोटा पासवर्ड टाकायचा, आणि तो माझ्या स्क्रीनवर, म्हणजे प्रोजेक्टरमधून थेट भिंतीवर, अक्षर न् अक्षर उमटायचा. हे जमायचं कारण आपल्या लॅबमध्ये तुम्ही जिवापाड जपलेला तो जुना हब, सगळे कॉम्प्युटर एकत्र जोडायची पेटी, होता. नव्या पेट्या ज्याचं त्याला नेऊन देतात. हब एकाचं ऐकतो आणि सगळ्यांना ओरडून सांगतो. ‘जुन्यावर शिकले तरच नवें समजेल’ असं म्हणून तुम्ही तो फेकू दिला नव्हता. आदल्या दिवशी वीज वरखाली होऊन स्टाफरूमची पेटी जळली होती. तुम्ही सकाळी एक लांब केबल ओढून स्टाफरूम माझ्या लॅबच्या हबला जोडून टाकली होती. मला सांगितलं नव्हतं. आणि मीही तास सुरू करण्याआधी काय काय जोडलं आहे ते बघितलं नाही, जे बघायचं असतं असं मी पोरांना दर सोमवारी बजावून सांगते.

मी बटण दाबलं, आणि नेमकं तेव्हाच स्टाफरूममध्ये तुम्ही मेल उघडलीत. भिंतीवर आधी तुमचं नाव आलं. त्याच्या खाली पासवर्ड आला. इंग्रजी अक्षरांत, हातभर मोठ्या आकारात. वैजूवैजू.

आपल्या मेलला निदान आठ अक्षरं लागायची. तिचं नाव पाचांतच संपत होतं, म्हणून तुम्ही ते दोनदा घातलं होतं.

तीस मुलं होती, अण्णा. मग मागून कुणीतरी शीळ घातली. ‘यारु वैजू?’ कोण ही वैजू? कुणीतरी म्हणालं, गर्लफ्रेंड असेल, आणि वर्गात हशा फुटला. हसण्याचा आवाज ऐकून तुम्ही कॉफीचा पेला घेऊन दारात आलात, तेव्हाही ते नाव भिंतीवर तसंच होतं. एक बटण दाबलं असतं तर गेलं असतं. माझा हातच उठला नाही. तुम्ही भिंतीकडे पाहिलंत, मग पेला टेबलावर ठेवलात आणि इंग्रजीत शांतपणे वर्गाला म्हणालात, ‘चांगलं झालं. घरातल्या माणसाचं नाव पासवर्डला का ठेवू नये, ते आता तुम्ही विसरणार नाही. लिहून घ्या.’ आणि तीसच्या तीस जणांनी माना खाली घालून लिहून घेतलं. तुम्ही निघून गेलात. कॉफी तिथेच राहिली.

तास संपल्यावर मी जिन्यात तुम्हाला गाठलं. माफी मागायलाच आले होते. पण माझं हे तोंड! त्यातून निघालं काय, तर ‘केबल कुणी लावली माझ्या हबला?’ तुम्ही चक्क हसलात. म्हणालात, ‘मीच मां. माझीच चूक.’ मग कठड्याला धरून उभे राहिलात आणि तुमचा आवाज बदलला. ‘ही गोष्ट वैजूपर्यंत जाऊं नये. तुझ्या वहिनीकडूनही नाही. शब्द दे.’ मी विचारलं, का? कळू दे की तिला. तुम्ही म्हणालात, ‘कळलें तर ती येईल. ती निघाली त्या दिवशीं दारांत उभा राहून तिला मी काय काय बोललों, तें तुला ठाऊक नाही. आतां कोणतें तोंड दाखवूं?’

मी शब्द दिला. एवढा गुन्हा करून बसल्यावर नाही कसं म्हणणार?

त्याच दुपारी तुम्ही पासवर्ड बदललात. शिकवणारा माणूस, बदलणारच. काय ठेवलात ते मला माहीत नाही आणि ते कुणी कुणाला विचारत नसतं. पण घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात पहिल्यांदा ते आलं, आणि आजतागायत गेलेलं नाही. तुम्ही तिचं नाव घेत होतात अशी जगात एकच जागा होती. रोज सकाळी, बोटांनी, आवाज न करता. ती जागा मी भिंतीवर लावून दाखवली आणि तुमच्याकडून काढून घेतली. अण्णा, मी त्या दिवसाची माफी कधी मागितलीच नाही. रोज मनात यायचं आणि रोज मी चटणीचा डबा पुढे सरकवायची. तुम्हीही तो घ्यायचात. मला वाटायचं, मिटलं.

मिटलं कुठलं? वर्षभराने वैजूला मुलगी झाली. वहिनींनी फोन करून मला सांगितलं, रडत होत्या, आणि तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी आल्याआल्या वर्गात रंगांचा पाढा घेत होतात. जेवताना माझा तोल गेला. म्हटलं, ‘नात झाली तरी जाणार नाही? नाव टाइप करता येत होतं, ते तोंडाने घेता येत नाही?’

काय बोलले मी! ज्या गोष्टीची माफी मागायची, तीच उचलून तुमच्या तोंडावर मारली. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत, उठलात, आणि त्यानंतर कितीतरी दिवस खालच्या हॉटेलात एकटे जेवत होतात. मी वरून बघायची. खाली यावं असं वाटायचं, पण मी तरी कुठली सरळ? शेवटी एक दिवस तुम्हीच आलात, डांगर पच्चडी माझ्यापुढे ठेवलीत आणि माझ्याच सोलापुरीत म्हणालात, ‘काय करूलालीस, जेव.’ मी जेवले. तो विषय आपण दोघांनी पुन्हा काढला नाही. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच तुम्ही गेलात.

मी बरोबर होते, हे मला अजूनही वाटतं. तुम्ही जायला हवं होतं. पण बरोबर असूनही माणूस किती वाईट वागू शकतो, ते मला तुमच्यामुळे कळलं.

परवाचं सांगते. तेराव्याची पानं उठली होती, मंडळी पांगली होती. तुमचा मुलगा भटजींना सोडायला खाली गेला होता. वैजूचा नवरा पुढच्या खोलीत पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. भला माणूस आहे हो. तुम्हाला आणायला गुम्मिडिपूंडीला सगळ्यांच्या आधी तो पोचला होता, कारखान्याच्या कपड्यांतच. स्वयंपाकघरात वहिनी, मी आणि वैजू. वैजूला मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. तुमचंच नाक, तुमचीच मान हलवायची पद्धत. ती पातेली पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, ‘अक्का, तुम्ही पांच वर्षं अप्पांच्या समोर बसत होतां. अप्पांनी एकदां तरी माझं नाव काढलं काय?’

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या होत्या. नाही म्हणून टाकायचं, असं मी आठवडाभर ठरवून ठेवलं होतं, कारण हा प्रश्न कुणीतरी विचारणार हे मला माहीत होतं. ओळखीचं असो की परकं, कुणी कितीही रडलं तरी पासवर्ड सांगायचा नाही, हे मी पोटासाठी शिकवते. आणि तुम्हाला दिलेला शब्द त्याहून मोठा होता. पण ती पोर तिथे हातात पातेलं घेऊन उभी होती, तिला नाही कसं म्हणू? मला नाही जमलं, अण्णा. हब, भिंत, शीळ, जिना, सगळं सांगितलं. मी जेवताना काय बोलले तेही सांगितलं, लपवलं नाही.

‘दोनदां?’ एवढंच तिने विचारलं.

‘दोनदा,’ मी म्हटलं. ‘रोज.’

मला वाटलं, ती रडेल, तिला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. तिने पातेलं आपटलं. ‘कंप्यूटरला सांगितलं! मला कां नाही? रोज सकाळीं पावणेनऊला मी इथें फोन करत होतें. लग्न झाल्यापासून रोज. अप्पा घरीं नसतील अशी वेळ बघून, चोरासारखं.’ आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मीच तुम्ही.

तेव्हा वहिनी बोलल्या. वळल्याही नाहीत, ओटा पुसत पुसतच बोलल्या.

‘त्यांस ठाऊक होतें.’

वैजू त्यांच्याकडे वळली.

‘क्लास दहास असे,’ वहिनी म्हणाल्या. ‘हे साडेआठासच चप्पल घालीत. एकदां पाऊस कोसळत होता, मीं म्हटलें, थांबा, आज उशीरा निघा. म्हणाले, तुझा पोन येईल आतां. मी घरांत असलों तर तूं मोकळेपणीं बोलशील काय? आणि छत्री घेऊन निघाले.’

बाहेरच्या खोलीत तुमची नात हुंकार देत होती. वैजू खाली बसली, भिंतीला पाठ लावून, आणि तिने पदराने तोंड पुसलं.

‘मग एक दिवस उशीरा निघायचं होतं ना, आई,’ ती म्हणाली. ‘एकच दिवस.’